एका डेस्कटॉपला तीन मॉनिटर: स्प्लिटर लावला तर दोन्हीकडे एकच चित्र येतंय

जमाखर्च

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या डेस्कटॉपला तीन मॉनिटर जोडायचे आहेत. काम जीएसटीचं आहे. एका पडद्यावर टॅलीतली खरेदी नोंदवही, दुसऱ्यावर पोर्टलवरून उतरवलेलं जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांचं विवरण) आणि तिसऱ्यावर दोन्हींचा ताळा घ्यायची एक्सेल. सध्या दोनच मॉनिटर चालतात. त्यामुळे सारखं ऑल्ट-टॅब करावं लागतं आणि बिल नंबर जुळवताना ओळ सुटते.

मशीन: इंटेल आय५-१२४००, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, विंडोज ११. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए असे तीन पोर्ट आहेत. शिवाय जुन्या मशीनमधून काढून बसवलेलं जीटी ७१० चं २ जीबी ग्राफिक्स कार्ड आहे. त्याला एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए.

मॉनिटर: २४ इंची १०८०पी दोन नग, दोन्हींना एचडीएमआय आणि व्हीजीए. नवीन २७ इंची १४४०पी, ७५ हर्ट्झ एक नग, त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट.

आत्ता कार्डाच्या एचडीएमआयवर २७ इंची आणि कार्डाच्या व्हीजीएवर एक २४ इंची आहे. तिसऱ्यासाठी एचडीएमआय स्प्लिटर आणला. तो लावला की २७ इंची आणि दुसरा २४ इंची, दोन्हींवर एकच चित्र येतं, वर २७ इंचीचं रिझोल्यूशन १०८०पी वर उतरतं. मदरबोर्डच्या पोर्टांत वायर लावली तर 'नो सिग्नल'.

स्प्लिटर खराब आहे का? मदरबोर्डचे पोर्ट गेलेत का? की नवीन कार्ड घ्यावंच लागेल?

तांब्याची तार

स्प्लिटर ठणठणीत आहे, पोर्टही बहुतेक ठणठणीत आहेत, आणि नवीन कार्ड लागणार नाही. उलट आहे तेही काढा.

आधी स्प्लिटर. प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटी माहितीची चिप असते. मी कोण, मला कोणतं रिझोल्यूशन चालतं, किती हर्ट्झ चालतात, हे ती कॉम्प्युटरला सांगते. स्प्लिटर दोन मॉनिटरांची मिळून एकच माहिती पुढे पाठवतो, म्हणून विंडोजला मॉनिटर एकच दिसतो. एक दिसला की चित्रही एकच, आणि स्प्लिटर त्याच्या दोन प्रती काढतो. दोघांना झेपेल असं रिझोल्यूशन निवडलं जातं, ते तुमच्याकडे १०८०पी. दुकानात दोन टीव्हींवर एकच जाहिरात दाखवायची असेल तर ही वस्तू कामाची. एचडीएमआयच्या एका वायरीतून दोन वेगवेगळी चित्रं जातच नाहीत, मग डबी कितीही महाग घ्या. विंडोजमध्ये 'एक्स्टेंड' दाबूनही फरक पडणार नाही, कारण वाढवायला दुसरा मॉनिटर विंडोजला दिसतच नाही.

आता मदरबोर्डचे पोर्ट. ते चालतात प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर. बाहेरचं कार्ड खाचेत बसलं की बहुतेक मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून 'नो सिग्नल'.

तुमच्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० हे ग्राफिक्स आहे. ते स्वतः चार डिस्प्ले चालवतं, एच६१० चिपसेटची मर्यादा तीनची आहे, आणि तुमच्या बोर्डाला पोर्ट तीन आहेत. तुम्हाला हवेतही तीनच. जीटी ७१० चा यात काही उपयोग नाही. २०१६ चं ते कार्ड, त्याच्या पिढीला नवीन ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबवलं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यासुद्धा सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या. ऑफिसच्या कामाला यूएचडी ७३० त्याच्यापेक्षा सरस आहे, व्हिडिओ उलगडण्यात तर खूपच.

कार्ड काढायची रीत अशी. विंडोज चालू असतानाच इंटेलच्या साइटवरून १२ व्या पिढीचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. मशीन शटडाउन करा, मागची मेन वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. मग कार्डाचा स्क्रू काढा आणि खाचेच्या टोकाची प्लास्टिकची कडी दाबून कार्ड सरळ वर ओढा. ही कडी न दाबता ओढलं तर ती मोडते, घाई नको. कार्ड निघाल्यावर मागे जी फट राहते तिला पत्र्याची पट्टी लावाच. धूळ, झुरळं, क्वचित उंदीरही तिथूनच आत शिरतात.

पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्डच्या एचडीएमआयवर एकच मॉनिटर ठेवा. विंडोज आलं, ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट झालं, की बाकीचे एकेक करून जोडा. तिन्ही एकदम जोडले आणि काही बिनसलं तर दोष वायरीचा, पोर्टाचा की मॉनिटरचा, हे ओळखता येत नाही.

उत्तररात्र

वरच्या उत्तराशी सहमत, तुमच्यासाठी तोच मार्ग. पण हा धागा शोधत आणखी लोक येतील, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, म्हणजे १२४००एफ, १३४००एफ, तर आत ग्राफिक्सच नसतं. अशा मशीनमध्ये मदरबोर्डच्या पोर्टांना प्राण नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) कितीही शोधा, पर्याय दिसला तरी उपयोग शून्य, तिथे कार्ड हवंच. एएमडीमध्ये रायझन ५६०० आणि ५६००एक्सला ग्राफिक्स नाही, ५६००जीला आहे. ७००० च्या मालिकेपासून 'एफ'वाले सोडून डेस्कटॉपच्या सगळ्यांना थोडंफार आहे.

कार्ड चांगलं असेल आणि ते ठेवूनच मदरबोर्डचे पोर्टही वापरायचे असतील तर बायोसमध्ये एक स्विच असतो. आसुसच्या बोर्डांत ॲडव्हान्स्ड, मग सिस्टीम एजंट, मग ग्राफिक्स कॉन्फिगरेशन, तिथे 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर'. गिगाबाइटमध्ये 'इंटर्नल ग्राफिक्स' हा पर्याय 'ऑटो'वरून 'एनेबल्ड' करायचा. एमएसआयमध्ये 'आयजीडी मल्टी-मॉनिटर'. एफ१० ने जतन करून बाहेर या. प्रायमरी डिस्प्लेचा पर्याय कार्डावरच ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी बायोसचा पडदा भलत्याच मॉनिटरवर उगवतो आणि मशीन बंद पडलं असं वाटतं.

दोन्ही ग्राफिक्स एकत्र चालू असले की एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. खिडकी कार्डावर रंगवली जाते आणि ती ओढून मदरबोर्डच्या मॉनिटरवर नेली तर प्रत्येक चित्र एका ग्राफिक्सकडून दुसऱ्याकडे नकलून न्यावं लागतं. एक्सेल-टॅलीला काही कळत नाही. गेम किंवा त्रिमितीय आराखड्याचं काम असेल तर तो मॉनिटर कार्डाच्याच पोर्टावर हवा.

आणि कार्डाला पोर्ट चार दिसले म्हणून चार मॉनिटर चालतीलच असं नाही. कार्डाच्या चिपमध्ये एका वेळी किती चित्रं बाहेर काढायची सोय आहे तो आकडा वेगळा असतो. जीटी १०३० ला दोन, जीटीएक्स १६५० ला तीन, आरटीएक्सच्या कार्डांना साधारण चार. पोर्ट मोजायच्या आधी हा आकडा कंपनीच्या पानावर 'मॅक्सिमम डिस्प्ले' किंवा 'मल्टी मॉनिटर' या ओळीत बघा.

जमाखर्च

दोघांचेही आभार. कार्ड काढलं, ड्रायव्हर टाकला. एचडीएमआयवर एक मॉनिटर आला, व्हीजीएवर दुसराही आला. आता अडलंय ते इथे: २७ इंचीसाठी दुकानातून डीपी (डिस्प्लेपोर्ट) केबल मागितली, तर एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट अशी मिळाली. बोर्डाचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट असं जोडलं. मॉनिटरच्या मेनूत इनपुट डीपी निवडलं. तरी 'नो सिग्नल'. केबल बदलून आणली, तीच गत.

खटका

केबल बदलून फरक पडणार नाही, दिशा उलटी आहे.

या केबलवर दोन्ही टोकं जवळपास सारखीच दिसतात, पण वाट एकेरी आहे. डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरला आणि एचडीएमआयचं टोक मॉनिटरला. कॉम्प्युटरच्या बऱ्याच डिस्प्लेपोर्टांना गरज पडली तर एचडीएमआयच्या भाषेत बोलता येतं. त्या पोर्टाच्या खुणेशेजारी दोन अधिक चिन्हं असतात ती त्याचसाठी. एचडीएमआय पोर्टाला मात्र डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. त्या बाजूने जायचं तर मध्ये यूएसबीवरून वीज घेणारा रूपांतरक लागतो, तो महाग पडतो आणि तुम्हाला त्याची गरज नाही.

तुमच्या हातात आता आहेत त्याच वायरींत तिन्ही मॉनिटर बसतात. नवीन केबल बोर्डाच्या डिस्प्लेपोर्टातून काढून २४ इंचीच्या एचडीएमआयमध्ये घाला. साधी एचडीएमआय केबल बोर्डाच्या एचडीएमआयमधून २७ इंचीच्या एचडीएमआयमध्ये. उरलेला २४ इंची व्हीजीएवर. झालं.

ही नवीन केबल २७ इंचीला लावू नका, त्याला कारण आहे. या स्वस्त केबलांत फक्त विजेची पातळी बदलणारं सर्किट असतं. त्यांतल्या पहिल्या प्रकाराची झेप १६५ मेगाहर्ट्झपर्यंत. १०८०पी, ६० हर्ट्झला १४८.५ मेगाहर्ट्झ लागतात, म्हणजे आरामात मावतं. १४४०पी, ६० ला २४१.५ लागतात आणि ७५ ला ३०० च्या थोडं वर. पाकिटावर '४के' लिहिलेलं असलं तरी आत कोणता प्रकार आहे ते बाहेरून कळत नाही, आणि मग विंडोजच्या यादीत २५६० बाय १४४० हा पर्यायच दिसत नाही. लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात, दोष वायरीत असतो.

बोर्डाच्या एचडीएमआयचं एकदा पुस्तिकेत बघून घ्या. '४०९६ बाय २१६०, ३० हर्ट्झ' असं लिहिलं असेल तर तो एचडीएमआय १.४ आहे. त्यावर १४४०पी, ६० मिळेल, ७५ ची हमी नाही. '६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर २.० किंवा पुढचा, मग ७५ ला अडचण नाही.

मनाजोगतं करायचं असेल तर पुढेमागे दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली, दीड-दोन मीटरची केबल घ्या आणि २७ इंची तिच्यावर टाका. मग बोर्डाचा एचडीएमआय २४ इंचीला मोकळा होतो. लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, दुकानात 'डीपी टू डीपी' असंच म्हणा. नुसतं 'डीपी केबल' म्हटलं की तुमच्यासारखी हीच केबल हातात पडते. घेताना त्या केबलची विसावी पिन आतून जोडलेली नाही ना, हे विचारायला हवं. दुकानदाराला बहुधा ठाऊक नसतं, म्हणून डिस्प्लेपोर्ट प्रमाणित अशी खूण असलेली घ्यावी. विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. प्रमाणित केबलमध्ये ती पिन दोन टोकांत जोडत नाहीत. जोडली असेल तर मॉनिटरची वीज उलट कॉम्प्युटरमध्ये शिरते. मशीन बंद केल्यावरही बोर्डावरचा दिवा किंवा पंखा जरासा जिवंत राहतो, कधी मॉनिटर जोडलेला असताना मशीन चालूच होत नाही आणि केबल काढली की लगेच होतं. अशी लक्षणं दिसली तर एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) बदलायच्या आधी केबल बदला.

काढताना एक काळजी घ्या. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला वरच्या बाजूला बहुधा एक दाबायचं बटण असतं, आतले दोन छोटे आकडे पोर्टात अडकलेले असतात. ते न दाबता हिसडा मारला तर बोर्डावरचा पोर्टच हलतो.

रानपाखरू

इथेच विचारतो, नवीन धागा काढत नाही. मशीनला एक एचडीएमआय आणि एकच डिस्प्लेपोर्ट असेल, तर त्या एका डिस्प्लेपोर्टावरून दोन मॉनिटर निघतात असं वाचलं. खरं आहे का? आणि पुढच्या टाइप-सी पोर्टाला दोन एचडीएमआयवाला हब लावला तर?

उत्तररात्र

पहिलं खरं आहे. एचडीएमआयला जे जमत नाही ते डिस्प्लेपोर्टला १.२ पासून जमतं, एका वायरीत वेगवेगळी चित्रं. त्याला एमएसटी म्हणतात. त्याचे दोन मार्ग. मॉनिटरलाच 'डीपी आउट' असेल तर पहिल्यातून दुसऱ्यात अशी साखळी करायची. पहिल्या मॉनिटरच्या मेनूत एमएसटी किंवा 'डीपी १.२' चालू करावं लागतं, आणि साखळीतल्या शेवटच्यावर ते बंद ठेवायचं. पण स्वस्त मॉनिटरांना डीपी आउट जवळजवळ नसतोच. मग दुसरा मार्ग, एमएसटी हब. दिसायला स्प्लिटरसारखीच डबी, म्हणून घेताना पाकिटावर 'एमएसटी' हा शब्द आणि 'एक्स्टेंडेड' असं लिहिलेलं बघा.

किती मावतं याचा हिशोब सोपा आहे. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला १७.२८ गिगाबिट मिळतात. १०८०पी, ६० हर्ट्झच्या एका मॉनिटरला सुमारे साडेतीन गिगाबिट, १४४०पी, ६० ला सुमारे सहा, ४के, ६० ला तेरापर्यंत. म्हणजे १०८०पीचे चार मावतात, १४४०पीचे दोन आणि जोडीला १०८०पीचा एक मावतो, ४केचा एकच. जास्त झालं तर हब तक्रार करत नाही. शेवटचा मॉनिटर काळा राहतो किंवा ३० हर्ट्झवर येतो आणि माउस घसटत चालल्यासारखा वाटतो.

हबमुळे ग्राफिक्सची मूळ मर्यादा वाढत नाही. चिप तीनच चित्रं काढत असेल तर हबवरचे दोन धरून एकूण तीन. आणि मॅकओएसवर एमएसटीने वेगळी चित्रं येत नाहीत, तिथे हा खर्च करू नये.

टाइप-सीचं उत्तर बहुतेक डेस्कटॉपांसाठी 'नाही' असंच आहे. कॅबिनेटच्या पुढचा टाइप-सी नुसता डेटाचा असतो, चित्राच्या तारा तिथवर आलेल्याच नसतात. पोर्टाचा आकार बघून काही ठरवता येत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्या पोर्टासमोर 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द असेल तरच हब चालेल.

पोर्टच संपले असतील आणि कार्डालाही जागा नसेल, तर डिस्प्लेलिंकची चिप असलेला यूएसबी ३.० चा ॲडॉप्टर हा शेवटचा मार्ग. त्यात चित्र प्रोसेसर दाबून लहान करतो आणि यूएसबीवरून पाठवतो. ड्रायव्हर टाकावाच लागतो, बायोसचा पडदा त्यावर येत नाही, आणि संरक्षित व्हिडिओ त्या मॉनिटरवर काळा दिसू शकतो. पत्रकं, मेल, पीडीएफ यांना पुरेसा आहे. जीएसटीच्या ऑफिसात डिजिटल सहीचा टोकन यूएसबीवर असतो. तो आणि हा ॲडॉप्टर एकाच बिनविजेच्या हबवर ठेवू नका. दोन्ही थेट मशीनच्या मागच्या पोर्टांत हवेत.

पाटीपेन्सिल

जमाखर्च, तुमचे तिन्ही मॉनिटर लागले असं धरून पुढचं लिहितो, कारण खरी कटकट वायरी जोडल्यावर सुरू होते.

व्हीजीएवर कोणता मॉनिटर ठेवायचा हे विचार करून ठरवा. व्हीजीए अजून ॲनालॉग आहे. छोट्या टंकातले सहा आणि आठ त्यावर एकसारखे दिसायला लागतात, 'द्ध' आणि 'द्व' यांत डोळे ताणावे लागतात. बिल नंबर जुळवायचं काम त्या पडद्यावर करू नका. तिथे मेल किंवा पोर्टलचं लॉगिन राहू द्या. तरीही तो जास्तीत जास्त स्पष्ट करून घ्या. एक्सेलची कोरी शीट पूर्ण पडदाभर उघडा, सगळ्या खणांना बॉर्डर द्या, कॉलम अगदी अरुंद करा आणि मग मॉनिटरचं 'ऑटो' बटण दाबा. कोऱ्या डेस्कटॉपवर ऑटो दाबलं तर मॉनिटरला मोजायला रेषाच मिळत नाहीत, म्हणून ते फसतं. त्यानंतरही पडद्यावर उभे गडद पट्टे दिसत असतील तर मेनूत 'क्लॉक' एकेका आकड्याने हलवा. पट्टे गेले पण अक्षरांच्या कडा थरथरत असतील तर 'फेज' हलवा. आधी क्लॉक, मग फेज. उलट केलं तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले. 'आयडेंटिफाय' दाबलं की प्रत्येक पडद्यावर आकडा येतो. हे आकडे बदलायचा नाद सोडा, ते विंडोज स्वतः देतं आणि त्यांनी काही बिघडत नाही. महत्त्वाची आहे ती चौकटींची जागा. टेबलावर मॉनिटर जसे आहेत तशाच चौकटी ओढून ठेवा. २७ इंचीची चौकट मोठी दिसेल, १४४० विरुद्ध १०८०. वरच्या कडा जुळवल्या तर २७ इंचीच्या खालच्या ३६० बिंदूंच्या पट्ट्यातून माउस शेजारी जाणार नाही, भिंतीला आपटल्यासारखा अडेल. ज्या उंचीवर तुमचा हात जास्त फिरतो, त्या उंचीला कडा जुळवा. टॅलीवाला पडदा निवडून 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' करा.

मग 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन प्रत्येकाचे हर्ट्झ तपासा. ७५ चा मॉनिटर विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं.

अक्षरांचा आकार: २४ इंची १०८०पी म्हणजे इंचाला साधारण ९२ बिंदू, २७ इंची १४४०पी म्हणजे १०९. एकच खिडकी इकडून तिकडे नेली की अक्षरं थोडी बारीक होतात. शक्यतो तिन्हींवर स्केल १०० टक्के ठेवा. २७ इंचीवर १२५ केलं आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर तिथे नेल्यावर धूसर दिसलं, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे 'ओव्हरराइड'ला टिक करून 'सिस्टीम (एनहान्स्ड)' करून बघा. त्याने न सुधारलं तर 'ॲप्लिकेशन'.

ताळ्याच्या कामासाठी एक सुचवतो. एक २४ इंची उभा करा, 'पोर्ट्रेट'. एक्सेलच्या ओळी एका नजरेत जवळपास पावणेदोनपट दिसतात. त्यासाठी मॉनिटरचा स्टँड फिरणारा हवा, नाहीतर टेबलाला चिमटा लावायचा आर्म. मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची भोकं १०० किंवा ७५ मिलिमीटरवर असतात, स्क्रू एम४. भोकांच्या आत खोलगट भाग असेल तर स्क्रू लांब लागतात, पण फार लांब घेऊन आवळले तर आतल्या पॅनेलला टोचतात. आर्मचा चिमटा प्लायच्या टेबलाला थेट आवळू नका, खालीवर लाकडाची फळी द्या. काचेच्या टेबलाला तो लावूच नका.

रॅमबद्दलही सांगतो. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं. एकच ८ जीबीची पट्टी आहे, तिच्या जोडीला तशीच दुसरी टाका. तीन पडदे आहेत म्हटल्यावर दोन पट्ट्या हव्यातच.

तांब्याची तार

पाटीपेन्सिल, बाकी सगळं अगदी बरोबर. रॅमबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. नुसते तीन पडदे रंगवत ठेवायला रॅमचा वेग फारसा लागत नाही. १०८०पी, ६० चा एक पडदा म्हणजे सेकंदाला सुमारे अर्धा जीबी, १४४०पी, ७५ म्हणजे १.१ जीबी. तिन्ही मिळून २.१ जीबी. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी २५.६ जीबीपर्यंत देते. म्हणजे दहावा हिस्साही नाही. तीन मॉनिटर लावले म्हणून मशीन संथ होणार नाही.

दुसरी पट्टी मात्र घ्याच, कारण जागा. तीन पडदे मिळाले की माणूस तिन्ही भरतो. क्रोममध्ये वीस टॅब, दोन मोठ्या एक्सेल, टॅली, पीडीएफ, आणि त्यातून ग्राफिक्सचा वाटा. ८ जीबी तिथे संपतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर आधी पट्टी, मग बाकी खर्च.

विजेचंही बघून घ्या. २४ इंची मॉनिटर साधारण २० वॉट, २७ इंची ३० धरा, ऑफिसच्या कामात मशीन ६० ते ८०. एकूण दीडशे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट उचलतो, तेव्हा भार चालेल. पण आत १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, आणि इतक्या वेगाने उपसली की प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. दहा मिनिटं धरून चला, रिटर्न जतन करून बंद करण्यापुरती. बॅकअप वाढवायचा असेल तर यूपीएसवर मशीन आणि एकच मॉनिटर ठेवा, बाकी दोन भिंतीच्या प्लगवर. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही नको. तो तापताना एका झटक्यात इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होऊन सगळंच बंद पडतं.

जमाखर्च

केबलची दिशा बदलली आणि तिन्ही पडदे लागले. २७ इंचीला एचडीएमआयवर ७५ हर्ट्झही मिळाले. व्हीजीएवाल्यावर एक्सेलची शीट उघडून ऑटो दाबलं, फरक लगेच दिसला. सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच राहिलं. जेवून परत आलं की सगळ्या खिडक्या एकाच मॉनिटरवर गोळा झालेल्या असतात. डिस्प्लेपोर्टमधून जो २४ इंची आहे, त्याच्यावरच्या सगळ्या २७ इंचीवर येतात. रोज पुन्हा मांडाव्या लागतात.

खटका

जेवायला जाताना मॉनिटरचं बटण बंद करता का, की तो आपोआप झोपतो? दोन्हींत कारण एकच आहे. मॉनिटर बंद झाला की तिथली वायर उपटल्याची खबर कॉम्प्युटरला जाते. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त घडतं. मग विंडोज त्याच्यावरच्या खिडक्या उचलून दुसरीकडे ठेवतं.

सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्लेमध्ये खाली 'मल्टिपल डिस्प्लेज' उघडा. 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' याला टिक हवी. त्याखालच्या 'मिनिमाइज विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिस्कनेक्टेड' यालाही. मॉनिटर परत आला की खिडक्या जागेवर जातात. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'डीप स्लीप', 'पॉवर सेव्हिंग' किंवा 'ऑटो सोर्स' असं काही असेल तर ते बंद करा आणि इनपुट हाताने एचडीएमआयवर पक्कं करा. ऑटोवर असला की जागा होताना तो आधी व्हीजीए चाचपतो, तेवढ्यात विंडोजचा धीर सुटतो.

एवढं करूनही एखादी खिडकी भलतीकडे गेली तर विंडोजचं बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, ती शेजारच्या पडद्यावर उडी मारते. पडदा काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' एकत्र. एक बीप येते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि उघड्या फाइलींना धक्का लागत नाही.